परीकथांच्या मूकपटांत कोण दिसतं, कोण दिसत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या मूकपटांचे खेळ झाल्यावर आणि पत्रांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एकाच गोष्टीवर दोनदा बोलणं टाळायचं म्हणून मधेमधे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. परीकथांचे मूकपट म्हणजे नेमके कोणते?

सिनेमा सुरू झाल्यापासून बोलपट येईपर्यंत, म्हणजे ढोबळमानाने १८९६ ते १९२९ या काळात परीकथा, लोककथा किंवा अरबी सुरस कथांवर बेतलेले चित्रपट. सुरुवात पॅरिसमध्ये झाली. तिथल्या रंगभूमीवर जादूच्या नाटकांची जुनी परंपरा होतीच. जमिनीतून वर येणारे राक्षस, पऱ्यांचे ताफे, डोळ्यांदेखत बदलणारे देखावे हे सगळं जॉर्ज मेलिएस यांनी उचलून कॅमेऱ्यासमोर आणलं. त्यांची ‘सिंड्रेला’ १८९९ ची, सहा मिनिटांच्या आसपास. पाठोपाठ ‘ब्लूबिअर्ड’ (१९०१) आणि ‘परीराज्य’ (१९०३). पाथे कंपनीने अलीबाबा आणि अल्लाउद्दीन पडद्यावर आणले.

पुढे हा प्रकार अमेरिकेत गेला आणि लांबला. मेरी पिकफर्डची ‘सिंड्रेला’ (१९१४), मार्गरिट क्लार्कची ‘स्नो व्हाइट’ (१९१६), डग्लस फेअरबँक्सचा ‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९२४) हे पूर्ण लांबीचे चित्रपट. जर्मनीत १९२६ मध्ये लोटे रायनिगर यांचा सावल्यांचा ‘प्रिन्स आखमेद’ आला. आपल्या पुराणपटांचं काय, हा प्रश्न वेगळा आहे; त्यासाठी प्रश्न १२ पाहा.

२. परीकथेत सगळंच काल्पनिक असतं. तिथे वंश आणि वर्ण कशाला मोजायचे?

काल्पनिक असतं म्हणूनच. ऐतिहासिक चित्रपट काढणारा म्हणू शकतो की त्या दरबारात असे लोक नव्हतेच. परीकथेत ही पळवाट नाही. ढगांवरच्या महालात कोण राहतं हे सर्वस्वी निर्मात्याच्या मर्जीवर असतं. त्याला वाटेल तो चेहरा राजकन्येला देता येतो, आणि तरीही तो दरवेळी एकाच रंगाचा चेहरा निवडत असेल, तर ती निवड बोलकी आहे.

अ‍ॅलिस गी यांचा १९०२ चा एक छोटा फ्रेंच चित्रपट घ्या. एक जोडपं कोबीच्या मळ्यात परीकडे बाळ घ्यायला येतं. परी एकेक बाळ काढून दाखवते. त्यात एक काळं बाळ निघतं, तेव्हा जोडपं ते नाकारतं, आणि प्रेक्षकांनी तिथे हसावं अशी अपेक्षा आहे. काही मिनिटांचा गोड चित्रपट, आणि त्यात हा एक क्षण. गंमत म्हणजे त्यात नवऱ्याचं काम एका बाईने केलं आहे.

आम्ही असा कुठलाही चित्रपट पाहताना तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारतो. पात्र कुठल्या समाजातलं आहे? ते काम करणारा माणूस कुठल्या समाजातला आहे? आणि श्रेयनामावलीत नाव कुणाचं, कसं लागलं? या तिन्हींची उत्तरं क्वचितच जुळतात. खालचा सगळा मजकूर त्या न जुळण्याबद्दलच आहे.

३. त्या काळात गोरे नट तोंडाला रंग फासून सगळ्यांचीच कामं करायचे, हे खरं का?

बहुतेक वेळा खरं. मेलिएस यांच्या १९०१ च्या एका छोट्या चित्रपटात ते स्वतः ब्राह्मण झाले आहेत. हा ब्राह्मण एका अळीला मंत्र घालून फुलपाखराचे पंख असलेली सुंदरी घडवतो. शेवटी ती पाय ठेवते आणि तोच अळी होऊन सरपटायला लागतो. ब्राह्मण इथे ‘पूर्वेकडचा जादूगार’ एवढ्यापुरताच आहे. वेद नाहीत की जानवं नाही. हिंदुस्थान, अरबस्तान, चीन यांची सरमिसळ तेव्हाच्या युरोपात सर्रास चाले, आणि त्यात द्वेषापेक्षा बेफिकिरी जास्त असे.

स्पॅनिश तंत्रज्ञ सेगुंदो द शोमोन यांनी पाथेसाठी १९०७ मध्ये ‘जपानी’ कसरतपटूंचा एक जादूचा तुकडा काढला. त्यात एक लहानसा मुलगा डोक्यावर अख्खं कुटुंब तोलतो. प्रत्यक्षात सगळे काळ्या जमिनीवर आडवे पडले आहेत आणि कॅमेरा वरून खाली रोखला आहे. युक्ती अफलातून आहे. पण किमोनो आणि टोप घालून ते ‘जपानी’ झालेत, आणि जपानी असण्याचा त्या युक्तीशी काही संबंध नाही. परकेपणा हा तिथे नुसता पोशाख आहे.

अपवाद होते. सर्वांत मोठा पुढच्या प्रश्नात.

४. ‘द थीफ ऑफ बगदाद’मध्ये खरोखरच आशियाई आणि कृष्णवर्णीय कलाकार होते का?

होते, आणि १९२४ साठी ती संख्या लक्षणीय आहे. म्हणूनच या एका चित्रपटावर सगळ्यांत जास्त प्रश्न येतात.

गोष्ट थोडक्यात अशी. बगदादच्या राजकन्येला तीन राजपुत्र मागणी घालतात. एक इराणचा, एक हिंदुस्थानचा, एक मंगोल. जो सर्वांत दुर्मीळ वस्तू आणेल त्याला राजकन्या मिळणार. इराणी उडता गालिचा आणतो, हिंदुस्थानी मूर्तीच्या डोळ्यातला स्फटिक आणतो, मंगोल मेलेल्याला जिवंत करणारं सफरचंद आणतो. शेवटी चोर, म्हणजे फेअरबँक्स, सगळ्यांवर मात करतो.

आता प्रश्न २ मधल्या तीन चौकशा इथे लावून बघा. हिंदुस्थानी राजपुत्र झाला आहे नोबल जॉन्सन, कृष्णवर्णीय अमेरिकन नट. मंगोल राजपुत्र झाले आहेत जपानी रंगभूमीवरून आलेले सोजिन कामियामा. इराणी राजपुत्र, तो लठ्ठ आणि झोपाळू, हे काम केलंय माथिल्द कोमों या फ्रेंच बाईने. नामावलीत नुसतं ‘एम. कोमों’, म्हणजे बाई आहे हे प्रेक्षकाला कळूच नये. राजकन्येची मंगोल दासी झाली आहे लॉस एंजेलिसमध्येच जन्मलेली, चिनी वंशाची अ‍ॅना मे वाँग. दरबारी जादूगाराच्या कामात सादाकिची हार्टमान आहेत, जपानी आई आणि जर्मन वडिलांचा मुलगा, एरवी कलासमीक्षक आणि कवी. आणि राजकन्या? ज्युलान जॉन्स्टन, गोरी अमेरिकन. तिचा बाप खलिफा, तोही गोरा. चोरही गोरा, फक्त उन्हात रापलेला.

म्हणजे दरबारात सगळे आहेत. सिंहासनावर आणि प्रेमप्रसंगात नाहीत.

नोबल जॉन्सन यांच्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. या चित्रपटाच्या आठ वर्षं आधी, १९१६ मध्ये, त्यांनी भावासोबत लिंकन मोशन पिक्चर कंपनी काढली होती. कृष्णवर्णीयांनी कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी गंभीर चित्रपट काढायचे, हा तिचा उद्देश. पण पोटासाठी ते मोठ्या स्टुडिओत कामं करत होते आणि स्टुडिओच्या दबावामुळे त्यांना स्वतःची कंपनी सोडावी लागली. पुढच्या कारकिर्दीत ते अरब झाले, रेड इंडियन झाले, बेटावरचे टोळीप्रमुख झाले, एकदा तर रशियन कॉसॅकसुद्धा झाले. हॉलीवूडने त्यांना जगातल्या प्रत्येक देशाचा माणूस केलं. स्वतःच्या समाजातला साधा माणूस, घरदार आणि नोकरी असलेला, त्यांना स्वतःच्या कंपनीतच करता आला.

एक गोष्ट सहसा सुटते. खलनायक मंगोल असणं हा योगायोग नव्हता. चित्रपट न्यूयॉर्कमध्ये मार्च १९२४ मध्ये लागला आणि मे मध्ये अमेरिकेने आशियातून येणाऱ्यांना जवळपास पूर्ण दार बंद करणारा कायदा केला. त्याच्या आदल्या वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदुस्थानी माणूस ‘गोरा’ ठरत नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही, असा निकाल दिला होता. मंगोल राजपुत्राचे सैनिक हमालांच्या वेशात बगदादमध्ये शिरतात आणि एका रात्रीत शहर ताब्यात घेतात, हा प्रसंग तेव्हाच्या अमेरिकन प्रेक्षकाला निव्वळ परीकथा वाटला नसणार.

तरी सोजिन यांचं काम पाहाच. बोटांची नुसती हालचाल करून ते अख्खा प्रसंग खातात. पुढे मायदेशी परतल्यावर अकिरा कुरोसावांच्या ‘सेव्हन सामुराय’मध्ये ते आंधळ्या गायकाच्या छोट्या कामात दिसतात.

५. अ‍ॅना मे वाँग इतकी प्रभावी होती, तर तिला राजकन्या का केलं नाही?

कारण राजकन्येला शेवटी नायकाच्या मिठीत जायचं असतं. कॅलिफोर्नियात गोऱ्या आणि आशियाई माणसाच्या लग्नाला कायद्याने बंदी होती, ती १९४८ पर्यंत टिकली. पडद्यावरचं प्रेम काही कायद्याच्या कक्षेत येत नव्हतं, पण दक्षिणेकडच्या राज्यांत चित्रपट चालवायचा असेल तर कुणी हा धोका पत्करत नसे. चिनी नायिका असलीच तर तिने शेवटी मरावं, असा रिवाज होता. १९२२ च्या ‘द टोल ऑफ द सी’मध्ये वाँग नायिका आहे आणि शेवटी ती समुद्रात जीव देते.

‘थीफ’मधला तिचा प्रसंग बघण्यासारखा आहे. चोर राजकन्येच्या शयनगृहात शिरलेला. दासी पलंगाशी उभी. तो मागून तिच्या उघड्या पाठीला खंजिराचं टोक टेकवतो आणि ती जागच्या जागी गोठते. सगळं शरीर थिजलेलं, फक्त डोळे हलतायत. कपडे बेताचेच, आणि ते मुद्दाम. राजकन्या त्याच खोलीत पायघोळ रेशमात आहे. एका चौकटीत दोन बायका, आणि कॅमेरा कुणाकडे कसा बघतो ते त्यांच्या कपड्यांवरूनच कळतं.

त्याच वर्षी ‘पीटर पॅन’मध्ये तिला टायगर लिली केलं, म्हणजे रेड इंडियन टोळीची मुलगी. चिनी मुलगी मंगोलही चालते, रेड इंडियनही चालते. १९२८ मध्ये ती कंटाळून युरोपला गेली.

६. १९२५ च्या ‘विझर्ड ऑफ ऑझ’मध्ये सिंहाचं काम कृष्णवर्णीय नटाने केलं होतं. मग त्याचं नाव का सापडत नाही?

नाव बदललं म्हणून. नटाचं नाव स्पेन्सर बेल. नामावलीत लावलं आहे ‘जी. हाव ब्लॅक’. मोठ्याने म्हणून बघा. इंग्रजीत ते ‘अबब, किती काळा’ असं ऐकू येतं. म्हणजे त्याचं नाव हीच पहिली कोटी.

हा चित्रपट लॅरी सेमन या विनोदी नटाने दिग्दर्शित केला आणि मुख्य कामही स्वतःच घेतलं. एल. फ्रँक बॉम यांच्या मूळ पुस्तकाचं त्यात फार थोडं उरलं आहे. बेल यांचं पात्र कॅन्ससच्या शेतावरचा गडी, नाव ‘स्नोबॉल’. पहिल्यांदा दिसतो तो कलिंगड खाताना. कृष्णवर्णीयांच्या टिंगलीत कलिंगड हे अमेरिकेत ठरलेलंच असे. पुढे तो सिंहाचं कातडं पांघरतो. त्याच्या बाजूला टिनचा माणूस झालेला आहे ऑलिव्हर हार्डी, लॉरेल-हार्डीतला.

वैताग याचा येतो की बेल यांना विनोदाची जाण सेमनपेक्षा बरी आहे. पडणं, धावणं, थबकून मागे बघणं, सगळं नेमकं. दिलेलं काम अपमानाचं, केलेलं काम उत्तम. अशा वेळी आम्ही चित्रपट नाकारत नाही आणि त्याची भलामणही करत नाही. खेळाच्या पत्रकावर मात्र स्पेन्सर बेल हेच नाव छापतो.

७. पुरुषाने स्त्रीभूमिका करणं आपल्याकडेच होतं ना?

नाही. आपल्याकडे बालगंधर्व होते, तर इंग्लंडात नाताळच्या नाटकांत तरुण नायकाचं काम ठरवून मुलीला आणि खाष्ट म्हातारीचं काम पुरुषाला द्यायची पद्धत होती. ‘पीटर पॅन’ रंगभूमीवर आलं तेव्हापासून पीटर बाईच करत आली. १९२४ च्या चित्रपटात बेटी ब्रॉन्सनने केला, आणि लेखक जे. एम. बॅरी यांनी तिची निवड स्वतः केली होती.

ऑझच्या गोष्टींचे लेखक एल. फ्रँक बॉम यांनी स्वतःची चित्रपट कंपनी काढली होती. तिच्या १९१४ च्या ‘पॅचवर्क गर्ल ऑफ ऑझ’मध्ये चिंध्यांची बाहुली झाली आहे पियर कुदेर हा फ्रेंच कसरतपटू, आणि गोष्टीतला मुलगा झाली आहे व्हायोलेट मॅकमिलन. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. लिंगाची अदलाबदल परीकथेत खपून जायची. वंशाची अदलाबदल मात्र एकाच दिशेने व्हायची: गोरा माणूस कुणीही होऊ शकत असे, उलट होत नसे. नोबल जॉन्सन यांचा कॉसॅक हा दुर्मीळ अपवाद, आणि तो बोलपटाच्या काळातला.

८. फिल्मच गोऱ्या चेहऱ्यासाठी बनवलेली होती असं वाचलं. यात तथ्य आहे?

थोडं आहे, पण उलटं. १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सरसकट वापरली जाणारी फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होती. तिला निळा आणि हिरवा प्रकाश दिसे, लाल दिसत नसे. त्यामुळे तांबूस गाल आणि लाल ओठ काळे पडत, निळे डोळे पांढुरके. गोऱ्यांचे चेहरेसुद्धा तिच्यावर डागाळलेले येत. म्हणून त्यांना पांढरट पिवळसर रंगाचे थर देत. म्हणजे जुन्या परीचं ते दुधाळ तेज तिच्या कातडीचं नसून डब्यातलं आहे.

भेदभाव शिरला तो पुढच्या पायरीला. प्रकाशयोजना नायिकेच्या चेहऱ्यासाठी बेतायची आणि बाजूला उभी असलेली सावळी दासी त्याच प्रकाशात जशी येईल तशी. दोष रसायनाचा कमी, दिवा कुणावर रोखला याचा जास्त. १९२६-२७ नंतर पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली आणि सगळे रंग टिपायची सोय झाली. दिवे होते तिथेच राहिले.

९. कॅमेऱ्यामागे बायका होत्या का?

होत्या, आणि परीकथापटांत इतर प्रकारांपेक्षा ठळक होत्या. पॅरिसच्या गोमों कंपनीत अ‍ॅलिस गी यांनी कोबीच्या मळ्यातल्या परीचा पहिला तुकडा काढला. त्याचं साल १८९६ की १९००, यावर अभ्यासकांत वाद आहे. तो वाद बाजूला ठेवला तरी त्या पहिल्या स्त्री-दिग्दर्शक आहेत. पुढे अमेरिकेत १९१२ मध्ये त्यांनी संपूर्ण कृष्णवर्णीय नटसंच घेऊन ‘अ फूल अँड हिज मनी’ काढला, कारण त्यांच्या कंपनीतल्या गोऱ्या नटांनी कृष्णवर्णीयांबरोबर उभं राहायला नकार दिला. तो परीकथापट नाही, पण प्रश्न २ मधल्या काळ्या बाळाच्या शेजारी तो ठेवून बघावा. एकाच दिग्दर्शिकेची ही दोन टोकं आहेत.

एक नाव मात्र कुठल्याच नामावलीत दिसणार नाही: एलिझाबेथ त्युइये. मेलिएस यांच्या रंगीत प्रती पॅरिसमधल्या त्युइयेबाईंच्या कारखान्यात रंगवल्या जात. दोनशेच्या वर बायका कामाला. प्रत्येकीकडे एकच रंग. एकीने लाल भरून फीत पुढे सरकवायची, दुसरीने पिवळा. चौकट पोस्टाच्या तिकिटाएवढी आणि कुंचला मोजक्या केसांचा. ‘चंद्रावरची सफर’ (१९०२) च्या रंगीत प्रतीत अशा तेरा हजारांहून जास्त चौकटी आहेत. परीच्या झग्याचा गुलाबी रंग त्या चौकटींत जरा डाव्या-उजव्या बाजूला थरथरतो, तो त्या हातांचा माग आहे. पुढे पाथेने साचे कापून रंग भरायची पद्धत आणली. साचे कापणाऱ्याही बायकाच.

लोटे रायनिगर यांच्यासाठी प्रश्न १०, फातमा बेगम यांच्यासाठी प्रश्न ११.

१०. ‘प्रिन्स आखमेद’ तर नुसत्या सावल्यांचा आहे. सावलीला रंग नसतो, मग भेदभाव कुठून येणार?

बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्यातून. सावलीच्या बाहुलीला नाक, हनुवटी, बोटं एवढंच भांडवल असतं, त्यामुळे ठरावीक साचे उलट जास्तच ठसठशीत होतात. रायनिगर यांनी काळा कागद कापून, शिशाच्या पातळ पत्र्याचे सांधे लावून या बाहुल्या केल्या आणि १९२३ ते १९२६ अशी तीन वर्षं पॉट्सडॅममध्ये एकेक चौकट टिपली. त्यात खलनायक ‘आफ्रिकी जादूगार’ आहे, नखं लांब, पाठ वाकलेली. चीनच्या दरबारातली माणसंही ठरावीक वळणाचीच आहेत.

पण याच चित्रपटात ज्वालामुखीवरची कुरूप चेटकीण सज्जनांच्या बाजूने लढते आणि जादूगाराला तीच हरवते. अशी कुरूप बाई परीकथेत एरवी शेवटी जाळली जाते. शिवाय चीनचा बादशहा आणि त्याचा लाडका पिंग पाँग यांच्यात एक चुंबन होतं. रायनिगर यांनी पुढे सांगितलं की बर्लिनच्या नाट्यवर्तुळातल्या समलिंगी मित्रमैत्रिणींची कुचंबणा त्या पाहत होत्या, म्हणून हा क्षण त्यांनी जाणून घातला. मुलांनी तो सहजपणे, न लाजता बघावा अशी त्यांची इच्छा होती. एका बाबतीत काळाच्या पुढे आणि दुसऱ्या बाबतीत काळाचाच, असं एकाच चित्रपटात होऊ शकतं. त्याची सरासरी काढायला जाऊ नये.

११. ज्यांच्या गोष्टी होत्या त्यांनी स्वतः परीकथापट काढले नाहीत का?

काढले, आणि त्यातले बरेच आपल्या मुंबईत. कोहिनूर फिल्म कंपनीचा ‘गुल-ए-बकावली’ (१९२४) तेव्हा धो धो चालला. दिग्दर्शक कानजीभाई राठोड दलित कुटुंबातून आलेले; जातीच्या भिंती चिरेबंदी असलेल्या काळात शहरातल्या सर्वांत यशस्वी दिग्दर्शकांत त्यांची गणना होती. हे नाव आपल्या चित्रपटगप्पांत फारसं निघत नाही, ते निघायला हवं.

दोन वर्षांनी फातमा बेगम यांनी ‘बुलबुल-ए-परिस्तान’ काढला. उर्दू रंगभूमीवरून आलेल्या या अभिनेत्रीने स्वतःची कंपनी स्थापून तो दिग्दर्शित केला. भारतातल्या पहिल्या स्त्री-दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट परीकथापट आहे, ही गोष्ट आम्हाला फार आवडते. त्यांची मुलगी जुबेदा पुढे ‘आलम आरा’ची नायिका झाली.

मुंबईतही गोरेपणाचं गणित होतंच, फक्त वेगळं. सुस्थितीतल्या घरच्या मुली पडद्यावर यायला तयार नसत, त्यामुळे नायिका बऱ्याचदा अँग्लो-इंडियन किंवा ज्यू घरांतून येत आणि हिंदू नाव घेत. पुण्यात जन्मलेली रूबी मायर्स ‘सुलोचना’ झाली, रेनी स्मिथ ‘सीता देवी’ झाली. मूकपटात भाषेचा प्रश्न नव्हता. उजळ कातडी तर हवीच होती. तेव्हा हे समावेशक म्हणायचं की गोऱ्या रंगाचं वेड? आमच्या मते दोन्ही, आणि दुसरं अजून संपलेलं नाही.

फेअरबँक्सचा ‘थीफ’ इथे तुफान गाजला. १९२७-२८ च्या सरकारी चौकशी समितीने तो हिंदुस्थानात सर्वाधिक लोकप्रिय ठरलेला चित्रपट म्हणून नोंदवला. त्याची नक्कल करणारे, उड्या मारणारे चित्रपट निघू लागले आणि कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत सुरुवात केलेल्या मास्टर विठ्ठल यांना ‘हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स’ म्हणू लागले. अरबी कथा हॉलीवूडला गेली, तिथून मुंबईला आली आणि मराठी गड्याने ती पुन्हा आपलीशी केली.

शांघायमध्ये १९२७ साली ‘कोळिणींची गुहा’ निघाला (कोळीण म्हणजे इथे जाळं विणणारी). चिनी प्रवासकथेतला भाग, चिनी नटसंच, चिनी दिग्दर्शक. तिथल्या कोळ्यांच्या राण्या अ‍ॅना मे वाँगच्या दासीपेक्षा फार वेगळ्या आहेत. त्या घाबरत नाहीत, घाबरवतात.

१२. मग दादासाहेब फाळक्यांचे चित्रपट यात धरायचे का?

आम्ही धरत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) पाहायला आलेला प्रेक्षक परीकथा बघायला आला नव्हता. ‘लंका दहन’मध्ये राम दिसला की लोक हात जोडत. श्रद्धेची गोष्ट आणि करमणुकीची गोष्ट एका मापाने मोजू नये.

पण तुलनेसाठी ते हाताशी हवेत, विशेषतः प्रश्न ७ साठी. ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंके आहेत. ‘मोहिनी भस्मासुर’ (१९१३) मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, म्हणजे खऱ्या बायका, आल्या. आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्ये कृष्ण आहे दादासाहेबांची लहानगी मुलगी मंदाकिनी. त्या चित्रपटाची सुरुवात बघा. गोष्ट सुरू होण्याआधी मंदाकिनी स्वतः म्हणून पडद्यावर येते, राग, हसू, रुसवा असे भाव एकेक करून दाखवते आणि मग कृष्ण होते. ही मुलगी आहे हे लपवलेलं नाही, उलट मिरवलं आहे. ‘एम. कोमों’शी ताडून पाहण्यासारखं.

१३. बुटके आणि राक्षस यांची कामं कोण करायचं?

प्रकार वेगवेगळे. कधी दुहेरी छायाचित्रण, कधी कसरतपटू (मेलिएस यांचे चंद्रवासी फोली बर्जेर या पॅरिसच्या नाट्यगृहातले), कधी सर्कशीतला खराखुरा उंच माणूस. १९१७ च्या ‘जॅक अँड द बीनस्टॉक’मध्ये बाकी बहुतेक लहान मुलं आणि राक्षस टेक्ससचा जिम टार्व्हर. अशा माणसांना परीकथेत काम हमखास मिळे, आणि परीकथेबाहेर जवळपास मिळत नसे.

१४. हे चित्रपट शाळेतल्या मुलांना दाखवावेत का?

दाखवावेत, पण निवडून. मेलिएस आणि ‘प्रिन्स आखमेद’ पासून सुरुवात करा. ‘थीफ’ अडीच तासांच्या आसपास आहे. मुलांना मधे सुट्टी द्या. १९२५ चा ‘ऑझ’ लहान मुलांना आम्ही दाखवत नाही, मोठ्यांना चर्चेसह दाखवतो. आधी लांबलचक प्रस्तावना नको. चित्रपट होऊ द्या आणि मग विचारा, राजकन्या कोण झाली होती, दासी कोण? मुलं स्वतःच पकडतात.

चुकीच्या वेगाने चालवलेली प्रत टाळा. माणसं टुणटुण उड्या मारत चालतात आणि सगळंच हास्यास्पद होतं, अपमान होता तोही आणि नव्हता तोही.

१५. चित्रपट हरवला असेल तर त्यात कोण होतं हे कसं सांगता?

जाहिराती, पुस्तिका, छायाचित्रं आणि परीक्षणं यांवरून, आणि हात राखून. ‘बुलबुल-ए-परिस्तान’ची प्रत उरलेली नाही. फातमा बेगम यांनी तो दिग्दर्शित केला हे नक्की; त्यातल्या पऱ्या पडद्यावर कशा दिसल्या याबद्दल कुणी रंगवून सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

कधीकधी चित्रपट परतही येतो. १९१६ ची ‘स्नो व्हाइट’ हरवली असं धरून चालले होते. १९९२ मध्ये नेदरलँड्सच्या संग्रहालयात तिची प्रत निघाली. ‘कोळिणींची गुहा’ नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सापडला, चिनी मजकुरासोबत नॉर्वेजियन पाट्या लावलेला.

१६. ‘हे सगळे चित्रपट आता फुकट आहेत’ असं म्हणतात. मग संस्थेच्या कार्यक्रमात वापरता येतील?

सरसकट नाही. ‘थीफ’ आणि १९२५ चा ‘ऑझ’ अमेरिकेत सार्वजनिक मालकीत आले आहेत. रायनिगर मात्र १९८१ मध्ये वारल्या, त्यामुळे युरोपात त्यांचे हक्क शिल्लक आहेत. शिवाय मूळ चित्रपट मोकळा असला तरी त्यावर नव्याने चढवलेलं संगीत मोकळं असेलच असं नाही. जिथून प्रत घ्याल त्या संग्रहालयाला लेखी विचारा आणि संगीत शक्यतो स्वतःचं ठेवा. पेटीवर कुणी साथ करणारं मिळालं तर उत्तमच.